‘सेफ डिलीट’ म्हणे!

‘पायथनमध्ये फोल्डर हाताळायचे पाच नियम’ ही पोस्ट ग्रुपाग्रुपांतून फिरतेच आहे. टीममध्ये नव्यानं आलेल्या मुलीनं कोड रिव्ह्यूत तीच पुरावा म्हणून पुढे केली, तेव्हा मात्र लिहिणं भाग पडलं.

चौथा नियम आधी घेतो, कारण तो डेटा घालवणारा आहे. ‘आरएमट्रीला इग्नोर_एरर्स=ट्रू द्या, म्हणजे डिलीट सेफ होतं.’ (आरएमट्री म्हणजे फोल्डर आतल्या सगळ्यासकट उडवणारं फंक्शन, आणि इग्नोर_एरर्स=ट्रू म्हणजे एरर आल्या तरी दाबून टाक.) सेफ कसलं डोंबलाचं? त्यानं एकही चूक टळत नाही, फक्त दिसायची बंद होते. विंडोजवर आतली एखादी फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमनं उघडून ठेवली असेल तर बाकीच्या जातात, ती आणि तिचं फोल्डर मागे राहतं, आणि कोड निमूट पुढे सरकतो. पुढच्याच ओळीत त्या ‘रिकाम्या’ फोल्डरात नवं आउटपुट पडतं आणि जुन्या-नव्याची खिचडी होते. मध्ये रिसायकल बिनही नसतो. गेलं ते गेलं.

खरा घात पाथमध्ये, म्हणजे फोल्डरच्या पत्त्यात होतो. पाथ(बेस) / नाव असं (मुख्य फोल्डर आणि त्यातल्या फोल्डरचं नाव जोडून) लिहिलंय आणि कॉन्फिगमधून, म्हणजे सेटिंगच्या फाइलमधून, नाव रिकामं आलं, की हाती उरतो नुसता बेस. एका जॉबचं फोल्डर उडवायला गेलात, सगळ्यांचीच साफ. लिनक्सवर नाव स्लॅशनं सुरू झालं तर बेस गळून पडतो आणि थेट रूटपासूनचा पाथ बनतो. पाथला रिकामी स्ट्रिंग दिली तर तिचा अर्थ होतो डॉट, म्हणजे चालू फोल्डर! लिनक्सवर त्यावर आरएमट्री चालवा: आतलं सगळं जातं, शेवटी डॉट काढताना एरर येते, आणि नेमकी तीच या नियमानं दाबलेली.

त्यापेक्षा टार्गेट (उडवायचं फोल्डर) आणि बेस हे दोन्ही पाथ रिझॉल्व्ह करा, म्हणजे पूर्ण पाथ काढा, आणि टार्गेट बेसच्या आतच आहे ना, हे टार्गेटवर इज_रिलेटिव्ह_टू(बेस) लावून तपासा (पायथन ३.९ पासून आहे). टार्गेट म्हणजे बेसच नाही ना, हे वेगळं पाहा, कारण बेसलाही ते फंक्शन ट्रू म्हणतं. फोल्डर आधीच नसलं तर चालणार असेल, तर तेवढी फाइलनॉटफाउंडएरर पकडा. बाकीच्या एरर फुटू द्या.

पहिला नियम, ‘आधी एक्झिस्ट्स, मग मेकडर्स’, म्हणजे फोल्डर आहे का ते तपासा, नसलं तर बनवा. तपासणं आणि बनवणं यांच्या मधल्या क्षणात दुसऱ्या प्रोसेसनं (चालू प्रोग्रॅमनं) फोल्डर बनवलं की झालं, मेकडर्स एरर देतं. फोल्डर आधीच असलं तरी चालवून घेणारं एक्झिस्ट_ओके=ट्रू ३.२ पासून मेकडर्समध्ये आहे, ते वापरा. त्या नावाची फाइल असेल तर तरीही एरर येते, आणि यायलाच हवी.

दुसरा, ‘सुरुवातीलाच सीएचडीआयआर करा’, म्हणजे चालू फोल्डर बदला. चालू फोल्डर अख्ख्या प्रोसेसला एकच असतं. एका थ्रेडनं (प्रोसेसमधल्या एका समांतर कामानं) बदललं की सगळ्यांचे रिलेटिव्ह, म्हणजे चालू फोल्डरपासून मोजलेले, पाथ हलतात. पाथ स्क्रिप्टच्या जागेवरून काढा.

तिसरा, ‘लिस्टडीआयआर (फोल्डरातल्या नावांची यादी देणारं फंक्शन) नावं अकारविल्हे देतं’. बरं, विंडोजवर एनटीएफएस या फाइल सिस्टिममध्ये बहुधा तसं दिसतं खरं, तेवढं मान्य. पण क्रम कसाही असू शकतो, असं पायथनचं अधिकृत डॉक्युमेंटेशन स्पष्ट सांगतं, आणि लिनक्सच्या एक्स्ट४ या फाइल सिस्टिमवर ते लगेच दिसतं. सॉर्टेड लावा, मात्र नुसत्या सॉर्टेडनं ‘भाग१०’ हा ‘भाग२’च्या आधी येतो, म्हणून आकडा वेगळा काढून, त्याचा इंट (पूर्णांक) करून सॉर्टेडला ‘की’ (क्रम लावायचा आधार) म्हणून द्या.

पाचवा, ‘विंडोजवर बॅकस्लॅशच लागतो’. साफ खोटं. पायथनला तिथे साधा स्लॅशही चालतो. उलट साध्या स्ट्रिंगमध्ये बॅकस्लॅशपुढे स्मॉल टी आला की टॅब, एन आला की नवी ओळ.