क्वांटम पेंडंटने इलेक्ट्रॉन ‘वरच्या कक्षेत’ जात नाहीत

देवगडच्या मावशीने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, “हे गळ्यात घातलं तर बीपीची गोळी बंद करू काय?” त्यात म्हटलंय की आजारी माणसाच्या शरीरातले इलेक्ट्रॉन खालच्या कक्षेत घसरतात आणि लाव्ह्यापासून केलेलं ‘क्वांटम पेंडंट’ त्यांना वरच्या कक्षेत चढवतं. पुरावा म्हणून आपल्या किनाऱ्यावर रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटांचा व्हिडिओ जोडलाय. गोळी बंद करायची नाही, हे सगळ्यात आधी.

‘खाली घसरणं म्हणजे आजार’ हे तर धडधडीत उलटं आहे. इलेक्ट्रॉन शक्य तितक्या खालच्या पातळीत असतात, तेव्हाच अणू स्थिर असतो. धडधाकट माणसाचे, आजारी माणसाचे, अगदी कातळाचेही जवळजवळ सगळे इलेक्ट्रॉन तिथेच असतात. आणखी खाली घसरायला जागाच नसते, कारण खालची ऑर्बिटल (इलेक्ट्रॉन सापडण्याच्या जागा) भरलेली असतात आणि एका ऑर्बिटलमध्ये दोनच इलेक्ट्रॉन मावतात. भौतिकशास्त्रज्ञ पाउलीने हा नियम १९२५ साली मांडला.

आता ‘वर चढवण्या’चा हिशोब बघा. इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे अशा बारीक ऊर्जेचं माप. हायड्रोजनची पहिली पातळी उणे १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टची, दुसरी उणे ३.४ची. फरक १०.२. प्रकाशाने इलेक्ट्रॉन वर न्यायचा तर एकाच फोटॉनमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या एका कणात, नेमकी तेवढी ऊर्जा हवी, आणि असा फोटॉन अतिनील असतो. पाण्याच्या रेणूलाही साताच्या आसपास लागतात. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचा फोटॉन जेमतेम १.६ ते ३.२ देतो. ३७ अंशांच्या शरीरातल्या उष्णतेचं माप तर ०.०२७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. छातीवर लटकणारी थंड चकती १०.२ आणणार कुठून? आणि समजा आणलेच, तरी हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन दुसऱ्या पातळीच्या ‘पी’ नावाच्या ऑर्बिटलमधून सुमारे १.६ नॅनोसेकंदात प्रकाश सोडून खाली येतो. दिवसभर वर राहणारे इलेक्ट्रॉन ही शुद्ध थाप आहे.

फॉरवर्डमधलं सूर्यमालेसारखं चित्र शास्त्रज्ञ बोरच्या १९१३च्या अणू-मॉडेलचं आहे. त्यातून हायड्रोजनच्या पातळ्या बरोबर निघतात, एवढं मान्य. पण शास्त्रज्ञ श्रोडिंगरच्या १९२६च्या समीकरणानंतर ठरलेली वर्तुळाकार वाट उरलीच नाही. ऑर्बिटल इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढंच सांगतं: एस गोल, पी डंबेलसारखं.

लाटांच्या बाबतीत अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करावं लागतं. तो निळा प्रकाश इलेक्ट्रॉन वरून खाली आल्यानेच निघतो. नॉक्टिल्युकासारख्या सूक्ष्म जिवांत ल्युसिफेरिन या प्रकाश देणाऱ्या द्रव्याची ऑक्सिजनशी क्रिया होते, त्या रासायनिक ऊर्जेने रेणू उत्तेजित होतो आणि लगेच सुमारे २.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फोटॉन सोडतो. ऊर्जा त्या जिवाच्या अन्नातून आली आणि प्रकाश होऊन गेली. पाण्यात पाय बुडवणाऱ्याच्या अंगात त्यातलं काही शिरत नाही.

लाव्ह्याचं काय कौतुक? कोकणातला काळा कातळ गोठलेला लाव्हाच आहे, आणि बराचसा जांभा त्याचीच झीज होऊन झालाय. जांभ्याच्या चिऱ्याच्या घरात राहून कुणाचा बीपी उतरलेला नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०२१मध्ये अंगावर घालायच्या दहा वस्तूंबद्दल इशारा दिला. त्यांत ‘क्वांटम पेंडंट’ नावाचीही वस्तू होती. तपासणीत त्या किरणोत्सारी निघाल्या. मोजलेला किरणोत्सार कमी होता, पण वर्षभर चोवीस तास घातल्यास त्वचेसाठीची तिथली मर्यादा ओलांडली जाऊ शकते, असं त्यांनी सांगितलं. अशा चकत्यांत थोरियम-युरेनियम या किरणोत्सारी धातूंची खनिजं मिसळलेली आढळली आहेत. त्यांतून किरणोत्सारात बाहेर पडणारे अल्फा कण त्वचेच्या मेलेल्या थरात अडतात, बीटा कण काही मिलिमीटर आत जातात आणि वाटेतल्या रेणूंचे इलेक्ट्रॉन उडवून लावतात. त्याने पेशीतला डीएनए तुटू शकतो. असल्या पेंडंटचा शरीरातल्या इलेक्ट्रॉनशी येणारा खरा संबंध हा एवढाच.

प्रत्येक चकतीत हे असतंच असं नाही, पण नुसतं बघून ते कळत नाही. म्हणून घेतलं असेल तर गळ्यातून काढा, उशीखाली ठेवू नका, पोरांच्या हाती देऊ नका. कानशीने घासू नका, फोडूही नका: भुकटी श्वासातून आत गेली तर अल्फा कणांना अडवायला तो मेलेला थर नसतो.