‘कार्बनची पट्टी लावा, बीम नवा होतो’: नाही होत

सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘भेगा पडलेल्या बीमला कार्बन फायबरची पट्टी चिकटवा. पोलादाच्या दहापट ताकद, प्लास्टर फोडायला नको, एका दिवसात काम, पुन्हा गंजाची चिंता नाही.’ मी दुरुस्तीच्या कामातला माणूस, या पट्ट्या स्वतः लावून घेतो. तंत्र चांगलं आहे, म्हणूनच हा मेसेज वाचून जीव तुटतो.

दहापट ताकद? पट्टी साधारण 2800 मेगापास्कलपर्यंत (ताण मोजायचं एकक) ताण घेते, आपली फे 500 दर्जाची पोलादी सळई 500 ला कायमची ताणली जायला लागते. म्हणजे पाच-सहा पट. तीही पूर्ण वापरता येत नाही. पट्टी तुटण्याच्या कितीतरी आधी सुटते आणि सुटताना काँक्रीटचा पापुद्रा सोबत घेऊन येते.

प्लास्टर न फोडणं तर सरळ घातक. मग पट्टी प्लास्टरला चिकटते, बीमला नाही. बीमचा तळ हातोडीने ठोकत जा. खणखणीत वाजला तर ठीक. भद्द वाजला की समजा, सळई गंजून फुगलीय, कव्हर म्हणजे तिच्यावरचा काँक्रीटचा थर सुटलंय. ते सगळं फोडायचं, सळई घासायची, झिजली असेल तर जोडीला नवी द्यायची, पॉलिमर मॉर्टर (दुरुस्तीचा पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल) भरायचं आणि खडी दिसेपर्यंत ग्राइंडर मारायचा. पट्टी त्यानंतर. एका दिवसात यातलं काय होणार? नुसतं इपॉक्सी, म्हणजे पट्टी चिकटवणारा गोंद, पूर्ण पकडायलाच आठवडाभर लागतो. शिवाय टेकू देऊन भार उतरवला नाही, तर आधीचं वजन जुन्या सळयांवरच राहतं.

गंजाचं म्हणाल तर पट्टी गंजत नाही हे खरं. आतली सळई गंजतच राहते, आता पट्टीमागे, न दिसता. आणि आगीत इपॉक्सी शंभर अंशांच्या आतच मऊ पडतं.

मेसेजमध्ये स्वित्झर्लंडच्या पुलाचा दाखला आहे. तो खरा आहे: ल्युसर्नजवळचा इबाख पूल, 1991. तिथे 175 किलो पोलादाऐवजी 6.2 किलो कार्बन पट्ट्या पुरल्या. पण तिथे सिग्नल बसवताना ड्रिलने प्रीस्ट्रेसिंग केबल, म्हणजे काँक्रीटला दाबून धरणारी ताणलेली पोलादी केबल, छेदली गेली होती. आपल्या खारट हवेतल्या, वर्षानुवर्षं गंजलेल्या बीमशी त्याची तुलना कशी करायची?

ठेकेदाराकडे पुल-ऑफ टेस्ट मागा. तयार पृष्ठभागावर धातूची चकती चिकटवून ओढतात. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शिकेनुसार किमान 1.4 मेगापास्कल हवेत, आणि तुटायला हवं ते काँक्रीट. चकती उलटी करून स्वतः बघा: तिला खडी चिकटून आलीय, की नुसता गोंद?