आमचा टॉवर आधी उलटा उभा राहिला

माझा गुन्हा एवढाच की चार वर्षांपूर्वी मी आमच्या सेक्रेटरींच्या मोबाईलमधला त्यांच्या सासुरवाडीचा ग्रुप म्यूट करून दिला होता. त्या दिवसापासून सोसायटीत मी 'कॉम्प्युटरवाला'. खरं म्हणजे मी बँकेत कर्ज खात्यात आहे, आमच्याकडे प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी आम्ही आयटीवाल्याला फोन लावतो आणि चहाला जातो. पण हे सोसायटीत सांगून उपयोग नाही, तिथे एकदा शिक्का बसला की शेअर सर्टिफिकेटवर नाव चढल्यासारखं असतं, वारसाकडेच जातं.

तर आमची बिल्डिंग गोरेगाव पूर्वेला, तळ अधिक चार, वीस बिऱ्हाडं, लिफ्ट नाही, लीकेज भरपूर. साहजिकच रिडेव्हलपमेंट. एक बिल्डर रविवारी सकाळी साडेदहाला प्रेझेंटेशन देणार होता आणि त्याचा माणूस फोनवर म्हणाला, "आम्ही पेन ड्राइव्ह आणतो, प्रोजेक्टर तुमच्याकडे असेलच." आमच्याकडे पाण्याचा पंप धड नाही, पण सेक्रेटरी म्हणाले, आहे! आणि फोन ठेवून माझ्याकडे बघितलं.

प्रोजेक्टर आला खजिनदार काकांच्या भाच्याच्या कोचिंग क्लासमधून, रेशनच्या पिशवीत. सोबत एक वायर आणि सेलोटेप लावलेला रिमोट. वायर व्हीजीएची, म्हणजे ती निळ्या तोंडाची, दोन बाजूंना स्क्रू, आत तीन ओळींत १५ पिना. ही जात १९८७ सालची आहे आणि माझा लॅपटॉप मागच्या वर्षीचा, इतका सडपातळ की त्याला दोन टाइप-सीची भोकं सोडून काहीच नाही. प्रोजेक्टरला एक एचडीएमआय पण होतं, म्हणून शनिवारी स्लो लोकल पकडून ग्रँट रोड. (फास्ट तिथे थांबत नाही, हे मला दादर सोडल्यावर आठवायची जुनी सवय आहे, यावेळी नाही चुकलो.) लॅमिंग्टन रोड. हा लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर होता, रस्त्याचं नाव बदलून डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग केलं त्याला जमाना झाला, तरी वायर हवी असलेला माणूस लॅमिंग्टन रोडलाच जातो. दुकानदारानं माझ्याकडे न बघता टाइप-सी टू एचडीएमआय अ‍ॅडॉप्टर काउंटरवर टाकला आणि विचारलं, "लॅपटॉपच्या पोर्टात डिस्प्ले आऊट आहे ना?" मी ठामपणे हो म्हणालो. प्रश्न कळला नसला की मी नेहमी ठामपणे हो म्हणतो.

नव्हतं. हे मला रविवारी सव्वादहाला, चौदा सभासदांसमोर कळलं. टाइप-सीचं भोक बाहेरून सगळं सारखंच दिसतं, पण काही भोकांतून नुसतं चार्जिंग आणि डेटा जातो, चित्र जात नाही. भिंतीवर निळा चौकोन आणि त्यात 'नो सिग्नल' ही अक्षरं इकडून तिकडे शतपावली करतायत. मी विंडोज आणि पी एकत्र दाबलं, डुप्लिकेट केलं, एक्स्टेंड केलं, वायर काढून परत घातली, अ‍ॅडॉप्टरच्या तोंडात फुंकर मारली. फुंकर मारल्यावर मागून कुणीतरी "हां, आता होईल" म्हणालं, त्या विश्वासाची मला फार लाज वाटली.

शेवटी १०४ मधला जुना, ढोला लॅपटॉप आणला, त्याला व्हीजीए होतं. वायर जोडली, स्क्रू पिळले, आणि चित्र आलं! उलटं.

म्हणजे डोकं खाली पाय वर. बावीस मजली टॉवर भिंतीच्या वरच्या कडेला वटवाघळासारखा लटकलेला, आणि स्विमिंग पूल सगळ्यात वर. क्लासमध्ये हा प्रोजेक्टर छताला टांगलेला असायचा, त्यामुळे त्याच्या सेटिंगमध्ये 'सिलिंग' करून ठेवलेलं. ते बदलायला मेनू लागतो आणि मेनूसाठी रिमोट, कारण प्रोजेक्टरच्या डोक्यावरची बटणं क्लासच्या मुलांनी दोन वर्षांत दाबून दाबून पार निकामी केलेली, एक पॉवरचं तेवढं जिवंत. ४०२ मधले म्हणाले, "कशाला एवढं, मशीनच उलटं ठेवा." त्यांचं बरोबर होतं हे मला मंगळवारी सुचलं.

रिमोट दाबला, काही नाही. सेल गेले असणार. सोसायटी ऑफिसच्या घड्याळातला सेल काढला तर तो जाडा, रिमोटला बारके लागतात. तळमजल्यावरच्या काकूंनी सेट टॉप बॉक्सच्या रिमोटमधले दोन बारके आणून दिले, "साडेबाराच्या आत परत हवेत" या अटीवर. तरीही काही नाही. मग मी माझ्या आयुष्यातली एकुलती एक टेक्निकल करामत केली. रिमोटमधून जो इन्फ्रारेड उजेड निघतो तो डोळ्यांना दिसत नाही पण मोबाईलच्या कॅमेऱ्याला दिसतो, म्हणून सेल्फी कॅमेरा सुरू करून रिमोट त्याच्यासमोर धरला आणि बटण दाबलं. स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकला. हॉलमध्ये "आऽऽ" झालं. मग प्रत्येकानं आपापल्या मोबाईलवर बघितलं, २०३ मधल्या आठवीतल्या मुलानं घरून टीव्हीचा आणि एसीचा रिमोट आणून तेही तपासले, आणि दहा मिनिटं रिडेव्हलपमेंट बाजूला राहून रिमोट तपासणी शिबिर चाललं. बिल्डरचा माणूस टाय सैल करून बसला होता, त्याला कुणीतरी पोहे दिले.

रिमोट चांगला होता, आमचा नेम चुकत होता. आता नेम कुठे धरायचा यावर दोन पक्ष. एक म्हणे प्रोजेक्टरवर, एक म्हणे भिंतीवर, कारण टीव्हीला आपण चित्राकडेच धरतो ना. गंमत म्हणजे भिंतीचा पक्षही अगदी खोटा नाही, किरण पडद्यावर आपटून परत प्रोजेक्टरच्या तोंडावरच्या काळ्या काचेपर्यंत पोचला तर काम होतं. त्यामुळे सेक्रेटरी हॉलभर हिंडत, लग्नात गुलाबदाणीनं गुलाबपाणी शिंपडतात तसा रिमोट शिंपडत होते. अचानक मेनू आला. अर्थात तोही उलटा. मी टेबलाला टेकून मान पार खांद्यावर पाडून वाचायला लागलो, पण उलट्या मेनूत वरचा बाण दाबला की पट्टी खाली येते, खालचा दाबला की वर जाते, तुम्ही एकदा स्वतःच्या डोक्यावर उभं राहून कर्जाचा फॉर्म भरून बघा. मध्ये कधीतरी भाषा बदलून चिनी का कोरियन झाली. ती परत इंग्लिश कशी झाली ते मला माहीत नाही, तळमजल्याच्या काकूंनी श्रीस्वामीसमर्थ म्हटलेलं मात्र ऐकलं.

टॉवर सुलटा झाला तेव्हा टाळ्या पडल्या. बिल्डरच्या माणसानं अजून एक शब्दही उच्चारला नव्हता.

पण आता आकाश गुलाबी. म्हणजे पांढरं होतं ते सगळं गुलाबी आणि 'लँडस्केप गार्डन' काळंठिक्कर. व्हीजीएच्या वायरीत लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या पिनांतून येतो, एक पिन वाकली की तो रंगच गळतो, आमचा हिरवा गळला होता. "बागेला आग लागली का हो?" ३०२. वायर एका ठरावीक कोनात पिळून धरली की हिरवा येई, म्हणून आठवीतल्या मुलाला ती धरून बसवलं. त्याला शिंक आली की बाग जळायची.

पडदा म्हणजे १०४ मधली पांढरी डबल बेडची चादर. धुतलेली, इस्त्रीची, पण तिच्यावर उजव्या बाजूला हळदीचा एक फिकट डाग होता आणि तो बरोबर चौदाव्या मजल्याच्या बाल्कनीखाली आला. आमच्या सोसायटीत डाग दिसला की एकच शब्द आठवतो. "आत्ताच लीकेज दाखवतायत," ४०२ म्हणाले, "निदान प्रामाणिक माणूस आहे."

आणि मग तो मुद्दा निघाला ज्यावरून अजूनही जिन्यात लोक एकमेकांशी बोलत नाहीत. टेबल बुटकं आणि चादर उंच, म्हणून मी प्रोजेक्टरच्या पुढच्या पायाखाली उपविधींची दोन पुस्तकं घातली होती. प्रोजेक्टर असा वर तोंड करून बसला की चित्र वर रुंद, खाली अरुंद होतं, शाळेतला समलंब चौकोन. कारण साधं आहे, वरच्या कडेपर्यंत उजेडाला जास्त लांब जावं लागतं, जितकं लांब तितकं पसरतं. पण हे मी सांगेपर्यंत जी-२ च्या काकू उभ्या राहिल्या होत्या.

"हे काय, वरच्यांना रुंद फ्लॅट आणि खालच्यांना चिंचोळे?"

"काकू, ते चित्र तसं पडलंय."

"पडलंय कसं? आम्ही आजवर वरच्यांचं पाणी सोसलं ते सोसलं, आता कार्पेट एरियाही त्यांनाच जास्त?"

तळमजला आणि पहिला मजला एक झाला. चौथ्या मजल्याच्या चेहऱ्यावर मात्र कुठेतरी समाधान होतं, ते मी पाहिलं. बिल्डरचा माणूस आडवे हात करून सांगतोय की सगळे मजले सारखे आहेत, पण डोळ्यांना दिसतंय वेगळं, आणि मुंबईत माणूस बिल्डरवर विश्वास ठेवील की डोळ्यांवर? मी रिमोटवर 'कीस्टोन' शोधलं. कीस्टोन म्हणजे दगडी कमानीच्या माथ्यावरचा पाचरीच्या आकाराचा दगड, वर रुंद खाली अरुंद, फोर्टातल्या जुन्या इमारतींकडे मान वर केली तर चिकार दिसतील. ते बटण दाबत गेलं की मशीन वरची बाजू आवळत आवळत चित्र चौकोनी करतं. चौकोनी झालं. पण आवळल्यामुळे आख्खं चित्रच लहान झालं, हे लोकांच्या डोळ्यांदेखत घडलं, आणि पाठीमागून आवाज आला, "घ्या! आता सगळ्यांचाच एरिया कमी केला!"

मी बोललो काहीच नाही. खजिनदार काकांनी "किती टक्के कमी झाला?" असं मला गंभीरपणे विचारलं, तेव्हाही नाही.

वरून प्रकाशाचा तंटा. ७९-अ च्या, म्हणजे रिडेव्हलपमेंटच्या सरकारी नियमांत मीटिंगचं व्हिडिओ शूटिंग आहे, म्हणून सेक्रेटरींनी खबरदारी म्हणून एक लग्नाचा शूटिंगवाला बोलावलेला. आमच्या प्रोजेक्टरला हवा काळोख आणि त्याला हवा उजेड. तो डोक्यावर लाइट घेऊन आला की टॉवर पुसला जाई, ट्यूबलाइट बंद केल्या की तो म्हणे, "साहेब, कॅसेटमध्ये नुसते आवाज येतील, चेहरे कुणाचे ते रजिस्ट्रार विचारतील." शेवटी तह झाला. टॉवर बघायचा तेव्हा अंधार, भांडायचं तेव्हा उजेड. नंतर व्हिडिओ पाहिला तर त्यात टॉवर कुठेच नाही, नुसतं भांडण आहे, आणि मधूनच काहीही कारण नसताना वधूवरांवर करतात तसा काकूंच्या चेहऱ्यावर झूम.

असाच एकदा उजेड झाला तेव्हा कुणीतरी वीज वाचवायला म्हणून प्रोजेक्टरचा प्लगच काढला. घात. त्यातला दिवा मर्क्युरीचा असतो, गरम असताना विझला की निवल्याशिवाय परत पेटत नाही, रस्त्यावरचे जुने दिवे लाइट येऊन-जाऊन झाल्यावर पाच-दहा मिनिटं आंधळे राहायचे तसंच. तेवढ्यात चहा झाला. खरं सांगायचं तर दिवसभरातला तोच भाग सगळ्यांना आवडला.

परत सुरू झाल्यावर मी आवाज वाढवायला गेलो आणि 'फ्रीझ' दाबलं. कुणाला कळलं नाही, मलाही. भिंतीवर स्विमिंग पूल गोठून बसला. बिल्डरचा माणूस लॅपटॉपच्या स्क्रीनकडे बघून पुढच्या स्लाइडा सरकवत भिंतीकडे पाठ करून बोलतोय, "महिन्याला पस्तीस हजार, अकरा महिन्यांचं आगाऊ, दरवर्षी दहा टक्के वाढ..."

"पोहायचे पस्तीस हजार?" जी-२.

"आणि आगाऊ?" २०१.

"ज्यांना पोहता येत नाही त्यांना काही वजावट?" हे ३०२, आणि ते चेष्टेत नव्हते.

तो आपला भाड्याबद्दल बोलत होता, घर पाडल्यावर आम्हाला मिळायच्या. ही गोष्ट उलगडेपर्यंत मिनिट्समध्ये 'स्विमिंग पूलच्या मासिक शुल्कास सभेचा तीव्र विरोध' असं लिहून झालं होतं आणि ते खोडायला सेक्रेटरी तयार नव्हते, खाडाखोड चालत नाही म्हणे. पुढची तारीख पडली. बिल्डरचा माणूस जाताना मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, पुढच्या वेळी आम्ही आमचा प्रोजेक्टर आणू, आणि मला वाटलं रिडेव्हलपमेंटला लागते त्या एकावन्न टक्के संमतीतली निदान माझी एकट्याची तरी आता पक्की.

सगळे गेले. सेट टॉप बॉक्सचे सेल बाराला पाच मिनिटं असताना जप्त झाले होते, त्यामुळे मी पॉवरचं बटण हातानं दोनदा दाबून बंद केलं, आणि आता दिवा निवेपर्यंत आतला पंखा फिरणार, प्लग काढायचा नाही, म्हणून रिकाम्या हॉलमध्ये बसून राहिलो. नारिंगी लाइट लुकलुकतोय, पंखा घरघरतोय. वॉचमन सतरंजी गुंडाळायला आला. गुंडाळून झाल्यावर म्हणाला, "साहेब, नवीन बिल्डिंगमध्ये गेटपाशी आमची केबिन दाखवली का? मागून नाही दिसलं."

मलाही नव्हतं दिसलं. चित्राचा तेवढा खालचा पट्टा चादरीच्या खाली, सोसायटीच्या गोदरेज कपाटावर पडला होता. १०४ चा लॅपटॉप अजून तिथेच होता, पेन ड्राइव्हही त्यातच राहिलेला. मी ती पहिली स्लाइड उघडली आणि दोघं वाकून बघायला लागलो. गेट होतं. त्याच्या बाजूला, जिथे आत्ता त्याची खुर्ची असते तिथे, एक झाड होतं. छान हिरवंगार, एकही पान काळं नाही.

"इथे कुठेतरी असेल," मी म्हणालो, आणि स्लाइड मोठी केली. झाड मोठं झालं.

मागे पंखा थांबला.