जगात भारी राहायचंय? मग नकाशा उघडू नका

'जगात भारी, कोल्हापुरी' म्हणायला जग माहीत असावं लागतं, हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. पैलवान समोरच्याचं गाव विचारून घिस्सा मारत नाही. तरी रंकाळ्याच्या कट्ट्यावर क्लासला जाणारा एखादा भाचा विचारणारच, "मामा, ऑस्ट्रेलियाची राजधानी?"

छातीठोकपणे 'सिडनी' म्हणा. तो बारीक आवाजात 'कॅनबेरा' म्हणेल. त्याला सांगा, "खुळ्या, मॅच कुठं असत्यात? सिडनीतच की!" मॅच होते ती राजधानी, एवढा नियम पाठ असला की आयुष्य निघतं. न्यूझीलंडला ऑकलंड ठोका, वेलिंग्टनला कोण विचारतंय! दक्षिण आफ्रिकेत तर राजधान्याच तीन: प्रिटोरिया, केपटाउन, ब्लूमफाँटेन. तिथं तुम्ही चुकून बरोबरही याल. सांभाळा.

सामान्य ज्ञानाचं पुस्तक घ्यायचंच असेल तर रद्दीतलं घ्या. कझाकस्ताननं 2019 मध्ये अस्तानाचं नाव नूर-सुलतान केलं, तेव्हा नवी पुस्तकं घेणारे हुशार ठरले. 2022 मध्ये परत अस्ताना झालं. ज्यांनी जुनं पुस्तक फेकलं नाही ते काही न करता पुन्हा बरोबर. आमच्या माळ्यावरच्या पुस्तकात नायजेरियाची राजधानी अजून लागोस आहे. 1991 मध्ये ती अबुजाला गेली, पण येईल की परत. आम्हाला घाई नाही.

चलनाचं काम तर अगदी नाजूक. "पोरगा रियालमध्ये कमावतो," असं स्थळ सांगून आलं की पुढं चौकशी करू नका. ओमानच्या एका रियालला दोनशेच्या वर रुपये पडतात, आणि इराणचे रियाल एका रुपयाला ढिगानं येतात. कुठला रियाल, हे विचारलंत की चहापोहे तिथंच गार. मुलीकडच्यांनी हसून 'वा' म्हणायचं, बाकीचं साखरपुड्यानंतर.

भाषेचा प्रश्न वर्ल्ड कपात निघतो, कारण तेव्हा अर्धी पेठ ब्राझील असते, अर्धी अर्जेंटिना. अर्जेंटिनात स्पॅनिश आणि शेजारच्या ब्राझीलमध्ये पोर्तुगीज, असं का, म्हणून भाचा अडवेल. इथं मात्र खरं उत्तर द्या, कारण ते आपल्या बाजूचं आहे. 1494 मध्ये स्पेन आणि पोर्तुगालनं तोर्देसियासला तह करून समुद्रात एक रेघ मारली आणि पलीकडचं जग वाटून घेतलं. जमीन बघितलेली नाही, मोजणी नाही, सातबारा नाही, नुसता बांध घातला. पोर्तुगीज ब्राझीलच्या किनाऱ्याला लागले ते 1500 मध्ये, आणि तो रेघेच्या त्यांच्याच बाजूला निघाला. म्हणजे नकाशा न बघता जग खिशात घालायची रीत काही आपण काढलेली नाही.

गेल्या वर्ल्ड कपात आमच्या गल्लीत ब्राझीलचा मोठा झेंडा रंगवायला काढला होता. मधल्या निळ्या गोलावरच्या पांढऱ्या पट्टीत पोर्तुगीजमध्ये 'सुव्यवस्था आणि प्रगती' अशा अर्थाचे शब्द असतात. पेंटर मोबाइल डोळ्याजवळ धरून बराच वेळ थांबला. "हे काय लिवलंय?" कुणालाच सांगता येईना. मग अध्यक्षांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "तालमीचं नाव टाक की तिथं. आणि खाली, सौजन्य म्हणून माझं."