देश रुसत नाही

भाऊजी, फेब्रुवारी लागला की तुमचा चेहरा असा काही उतरतो ना, की बघवत नाही, म्हणून यंदा चार शहाणपणाच्या गोष्टी फुकट सांगते, ऐका. सात तारखेला रोझ डे, मग प्रपोझ, चॉकलेट, टेडी, प्रॉमिस, हग, किस आणि चौदाला मुख्य समाप्ती, म्हणजे मोजून आठ दिवस, अहो आपला भागवत सप्ताहसुद्धा सातात आटपतो. गुलाबाचा भाव आठवड्यात कुठल्या कुठे जातो, आपल्या इंदूरच्या छप्पन दुकानला, त्या खाऊगल्लीत, गाडी लावायला जागा नसते, आणि एवढं करून तुम्ही घरी आलात की ऐकायचं काय, तर "गेल्या वर्षी पण हाच रंग आणला होतास." लक्षात ठेवलेलं असतं बरं का, सगळं.

आता त्याच्या शेजारी २६ जानेवारी ठेवून बघा. देशाने आजवर एकदा तरी विचारलंय तुम्हाला, की गेल्या वर्षी काय दिलं होतंस? देश रुसत नाही, तोंड फिरवून झोपत नाही, माहेरी निघून जात नाही, त्याच्या मैत्रिणीला तिच्या नवऱ्याने काय दिलं ते तुम्हाला ऐकवत नाही. डीपी तिरंगी केला, खाली दोन वेळा जय हिंद लिहिलं, झालं, वर्षभराची बेगमी. म्हणून माझा पहिला सल्ला, प्रेम करायचंच असेल तर देशावर करा, फार स्वस्तात पडतं. आणि वर सुट्टी मिळते, जी व्हॅलेंटाईनला आजवर कुठल्याच ऑफिसने दिलेली नाही.

एकच अडचण आहे, ही तारीख कधीकधी रविवारी येते. २०२५ची २६ जानेवारी रविवारी आली तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये जे सुतक होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, एक जण तर म्हणाला संविधान सोमवारी लागू केलं असतं तर काय बिघडलं असतं. १९५० साली ती तारीख अशीच नव्हती निवडली, १९३० मध्ये २६ जानेवारीलाच पूर्ण स्वराज्याचा दिवस पाळला होता, त्याची आठवण म्हणून घटना नोव्हेंबर ४९ मध्ये मंजूर होऊनही दोन महिने थांबले होते लोक. पण हे असलं काही सोसायटीत बोलू नका, उगाच भाषण करायला उभं करतील.

झेंडावंदनाला साडेआठला बोलावतात, तुम्ही नऊ दहाला उतरा. तोवर दोरीची गाठ सुटलेली असते, राष्ट्रगीत झालेलं असतं आणि पोहे-जिलबी नुकती येत असते. कुणी रिटायर काकांनी पकडलंच तर त्यांना गंभीर चेहरा करून विचारायचं, "काका, १५ ऑगस्टला झेंडा खालून वर चढवतात आणि २६ जानेवारीला वर बांधलेला नुसता उघडतात, बरोबर ना?" काका इतके खूश होतात की उशिराचं विसरतात. पोह्यांवर जिरावण मसाला जरा जास्त मागून घ्या. आणि हो, त्या दिवशी ड्राय डे असतो, तर देशभक्तांनी २५च्या संध्याकाळीच रांग लावावी, त्या रांगेत जी राष्ट्रीय एकात्मता दिसते ती दुसरीकडे कुठेही दिसत नाही.

मग दुपारी काय, तर मांडू. लाँग वीकेंड असला की अर्धं इंदूर मांडूला असतं. आता भाऊजी, मांडूला काय बघता तुम्ही? रूपमतीचा महाल. तिथे उभं राहून बायकोला सांगता की माळव्याच्या सुलतानाची, बाजबहादुरची राणी इथून नर्मदा बघायची, १५६१ मध्ये अकबराचा सरदार अधमखान चालून आला, बाजबहादुर पळाला आणि हिने विष घेतलं, मग दोघांचा सेल्फी, मागे महाल, गालावर रंगवलेला तिरंगा. म्हणजे प्रजासत्ताक दिनाला आपण प्रेमकहाणी बघायला जातो. आणि चौदा फेब्रुवारीला? चौदा फेब्रुवारीला सकाळी सहा वाजता फॅमिली ग्रुपवर मेसेज येतो की आज भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना फाशी झाली आणि तुम्ही गुलाब देऊन राहिले, लाज वाटू द्या. फाशी झाली २३ मार्च १९३१ला. शिक्षा सुनावली ७ ऑक्टोबर १९३०ला. फेब्रुवारीचा कुठे संबंध नाही, पण दरवर्षी येतो मेसेज, आणि जो पाठवतो त्याला २३ मार्चला फोन करून बघा, त्या दिवशी तो मार्चएंडिंगमध्ये असतो.

तुम्ही मात्र पाठवाच. बायकोने संध्याकाळी विचारलं की काय आणलंस, तर दुखावलेल्या आवाजात सांगायचं की आजच्या दिवशी मला हे असलं काही सुचत नाही. तिने २०१९च्या पुलवामाचं नाव काढलं, चाळीस जवान, तर मात्र गप्प बसा, ती तारीख खरी आहे, आणि खऱ्या तारखेवर खर्च चुकवायला निघालात तर मी तुमच्या बाजूने नाही.

व्हॅलेंटाईनबद्दल एक हातात ठेवण्यासारखा मुद्दा देते, तो परदेशी आहे वगैरे जुनं झालं, म्हणायचं की १९६९ मध्ये खुद्द कॅथलिक चर्चनेच त्याचा दिवस आपल्या सार्वत्रिक कॅलेंडरमधून काढून टाकला. तिथे तो निवृत्त झाला आणि आपल्या इंदुरी भियांनी, म्हणजे भाऊलोकांनी, त्याला छप्पनला कामाला लावला.

यावर तुमची मुलगी म्हणेल, बाबा, प्रेम आपल्याकडे पण होतंच की. होतं ना. तिला होळकरांचंच सांगा. १९२५ मध्ये मुंबईत मलबार हिलवर खून झाला, मुमताज बेगम ही नर्तकी होळकरांच्या दरबारातून निघून गेलेली होती आणि ती ज्यांच्या आसऱ्याला होती ते व्यापारी बावला त्यात गेले, धागे इंदूरपर्यंत आले आणि महाराज तुकोजीरावांनी चौकशी आयोगापुढे जाण्याऐवजी १९२६ मध्ये गादीच सोडली. बरं, एवढं होऊन माणूस थांबला का, १९२८ मध्ये अमेरिकेच्या नॅन्सी मिलरशी लग्न, ती शर्मिष्ठादेवी झाली. हिशोब करा, गादी गेली ती गेलीच, आणि तुम्ही अडीचशेच्या गुलदस्त्यावर कुरकुर करून राहिले.

मुलीला एक गोष्ट मात्र अजिबात सांगू नका. २६ जानेवारीला पाताळपाणीच्या धबधब्याला जाताना महू लागतं, १८९१ मध्ये बाबासाहेब तिथे जन्मले, स्मारक आहे, आपली गाडी तिथे थांबत नाही कारण पुढे भजी थंड होतात. थांबलात तर पोरगी दोन प्रश्न विचारेल, आणि मग कधीतरी तिला कळेल की सज्ञान माणसाने आपला जोडीदार स्वतः निवडायचा, हा त्याच घटनेच्या २१व्या कलमातला हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्वच्छ सांगितलंय. म्हणजे नेहरू पार्कच्या बाकावर चौदा तारखेला जे दोघं चोरासारखे बसलेले असतात त्यांना तिथे बसायला रोमच्या साधूने नाही, सव्वीस जानेवारीने जागा दिलीय. आणि गळ्यात गमछे घालून त्यांना उठवायला जे येतात ते देशासाठी येतात. हे फार गुंतागुंतीचं होतं, सोडा, गरम भजी खा.

आता सगळ्यात कठीण प्रश्न, दुसऱ्या दिवशीचा. आपण इंदूरचे, २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर, कचरागाडीवाल्यासमोर आपली इज्जत असते. व्हॅलेंटाईनचं सोपं आहे, गुलाब ओल्यात, चॉकलेटची पन्नी सुक्यात, टेडी फाटला की तोही सुक्यात. झेंड्याचं काय? नियम म्हणतो प्लास्टिकचा घ्यायचाच नाही, आणि कागदाचा जमिनीवर टाकायचा नाही, एकांतात, मान राखून त्याची विल्हेवाट लावायची. सोळा ऑगस्टला सकाळी सात वाजता तुम्हाला एकांत कुठून मिळणार, गाडीचं गाणं कोपऱ्यावर वाजत असतं. आमच्या शेजारणीने तर सुक्याच्या डब्यात वर वर्तमानपत्र अंथरून ठेवले झेंडे. वाकून नमस्कार केला आणि झाकण लावलं. मी खिडकीतून बघत होते, माझ्या हातातही चारच होते.

टेडीवरून आठवलं. दहा फेब्रुवारी म्हणजे टेडी डे. १० फेब्रुवारी १८५८ला सत्तावनच्या उठावातल्या अमझेऱ्याच्या राणा बख्तावरसिंहांना इंग्रजांनी आपल्याच इंदुरात फाशी दिली, आज जिथे एमवाय हॉस्पिटल आहे त्या आवारात, कडुनिंबाच्या झाडाला. ही तारीख खरी आहे, गावही आपलं आहे, तरी आमच्या फॅमिली ग्रुपवर याचा मेसेज एकदाही आलेला नाही. बहुतेक अमझेरा फार जवळ पडतं, धारच्या पलीकडे, देशभक्तीला जरा लांबचं लागतं.

गेल्या वर्षी दहाला मी सासूबाईंना दाखवायला एमवायला गेले होते. नंबर यायला वेळ होता, म्हटलं झाड तरी बघून येऊ. गेटबाहेर एक पोरगा सायकलला टेडी लटकवून उभा होता, त्याला विचारलं, इथलं निंबाचं झाड कुठे रे, फाशीवालं. तो म्हणाला, "दीदी, झाड का तो पता नहीं, लाल वाला ढाई सौ का है."

मी दोनशेला घेतला. सध्या गाडीत समोर ठेवलाय, ऑगस्टपासून तिथेच असलेल्या छोट्या झेंड्याच्या शेजारी. आमच्या ह्यांना वाटतं त्यांच्यासाठी आणलाय.