‘आधी वजन वाढवा, मग चरबी उतरवा’: एका सल्ल्याचा प्रतिवाद

‘चरबी घटवणे आणि स्नायू वाढवणे एकाच वेळी अशक्य आहे, आधी भरपूर खाऊन वजन वाढवा, मग खाणे तोडून चरबी उतरवा,’ असा संदेश व्यायाम करणाऱ्यांमध्ये सतत फिरत असतो. त्याच्या समर्थनार्थ दिलेल्या मुद्द्यांपैकी पहिला वरवर शास्त्रीय वाटतो, म्हणून तो नीट तपासला पाहिजे.

तो असा, की चरबी घटायला उष्मांकांची तूट (खर्चापेक्षा कमी खाणे) लागते, स्नायू वाढायला आधिक्य (खर्चापेक्षा जास्त खाणे) लागते, आणि या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. यातले पहिले विधान बरोबर आहे, दुसरे अर्धवट. स्नायू घडायला ऊर्जा आणि अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) लागतात, पण ती ऊर्जा ताटातूनच यावी असे शरीराचे बंधन नाही. अंगावरच्या एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. उलट एक किलो स्नायूत जवळजवळ तीन चतुर्थांश पाणीच असते आणि प्रथिने जेमतेम २०० ग्रॅम. त्यामुळे चरबी मुबलक असलेल्या माणसाला इंधनाची चणचण नसते. त्याला कमी पडतात ती प्रथिने आणि स्नायूंना वाढायला भाग पाडणारा ताण.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ४० तरुण पुरुषांना चार आठवडे गरजेपेक्षा सुमारे ४० टक्के कमी उष्मांक देऊन आठवड्यातून सहा दिवस कसून व्यायाम करवला गेला. शरीराच्या दर किलो वजनामागे रोज २.४ ग्रॅम प्रथिने घेणाऱ्या गटाची चरबी सरासरी ४.८ किलोंनी घटली आणि चरबीविरहित वजन १.२ किलोंनी वाढले, १.२ ग्रॅम घेणाऱ्यांत हेच आकडे ३.५ आणि ०.१ किलो होते. चरबीविरहित वजन म्हणजे निव्वळ स्नायू नव्हेत आणि हे तरुण जादा वजनाचे होते, हे मान्य करूनही ‘अशक्य’ हा शब्द टिकत नाही.

‘तुटीत खाल्लेली प्रथिने जळूनच जातात’ हा दुसरा मुद्दा. काही प्रमाणात जळतात, हे खरे. पण म्हणूनच एरवी किलोमागे १.६ ग्रॅम पुरत असतील, तर तुटीच्या काळात दोन ग्रॅमांच्या आसपास घ्यावीत, एवढाच त्याचा अर्थ निघतो.

वजनकाटा हलला नाही म्हणजे काहीच घडले नाही, हा तिसरा मुद्दा तर फारसा विचार करण्याजोगाही नाही. दोन किलो चरबी जाऊन तेवढेच स्नायू आले, तर काटा जागेवरच राहील आणि बेंबीजवळ धरलेली टेप मात्र सैल पडेल.

चौथा मुद्दा सर्वांत जास्त नुकसान करतो: ‘चरबी उतरवताना हलकी वजने आणि जास्त रेप्स.’ रेप्स, म्हणजे एकाच हालचालीच्या सलग आवृत्त्या, वाढवल्याने व्यायाम होणाऱ्या जागेची चरबी वितळत नाही. उलट भार उतरवून सेट (रेप्सची एक फेरी) आरामात संपवला, तर स्नायू टिकवण्याचे कारणच शरीरासमोर उरत नाही. व्यायामाच्या वहीत ६० किलोंच्या स्क्वॉटच्या (वजन घेऊन काढलेल्या बैठकांच्या) आठ रेप्सची नोंद असेल, तर तुटीच्या काळातही ती राखण्याचा आणि जमल्यास नववी रेप काढण्याचा प्रयत्न हवा.

हा संदेश ज्यांना खरोखर लागू पडतो, ते वेगळे: वर्षानुवर्षे व्यायाम केलेले आणि मुळातच चरबी कमी असलेले. नवशिक्यांना, खंडानंतर परतलेल्यांना किंवा जादा वजनाच्या लोकांना जे साधते, ते या मंडळींना तुटीत क्वचितच साधते. त्यांनी दोन टप्पे वेगळे केले तर ते योग्यच. मात्र त्यांच्याही बाबतीत रोजचे २००-३०० किलोकॅलरींचे आधिक्य सहसा पुरते, कारण त्यापलीकडचे बहुतेक खाणे चरबीच्याच खात्यात जमा होते.