खुलासा: स्टॅबिलायझर असला की शटर स्पीड कितीही चालतो का?
‘लेन्समध्ये स्टॅबिलायझर (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी यंत्रणा) असेल तर शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं ते) कितीही कमी ठेवा, फोटो शार्पच येतो’ हा फिरणारा दावा अर्धाच खरा आहे. फुल-फ्रेम (35 मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेला) कॅमेरा हातात धरून 300 मिमीच्या लांब पल्ल्याच्या लेन्सवर साधारण 1/300 सेकंद लागतो. स्टॅबिलायझरची चार स्टॉपची मदत मिळाली (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं) तर 1/20 पर्यंत उतरता येतं, पण विषय स्थिर असेल तरच. कॅननच्या 1995 सालच्या 75-300 मिमी आयएस (इमेज स्टॅबिलायझर) झूमपासून आजपर्यंत हे तंत्र हाताचा कंप भरून काढतं, पक्ष्याची हालचाल नाही. मान वळवणारा वेडा राघू 1/20 ला पुसटच येणार! त्याला 1/500 तरी हवा, उडत असेल तर 1/2000. त्यासाठी आयएसओ (प्रकाशाला कॅमेऱ्याची संवेदनशीलता) बिनधास्त वाढवा. त्याने फोटोत येणारे दाणे नंतर कमी करता येतात, हललेला डोळा सुधारत नाही. आणि शटरचं बटण अर्धं दाबून व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिरावेपर्यंत क्षणभर थांबा.